नॉर्थॅम्पटनला एक दुपार

मुलगी व जावई लेस्टरला असतात. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जावयांनी आमच्यासाठी प्रेक्षणीय स्थळांची एक यादी करून ठेवली होती. तिच्या अखेरीस मी नॉर्थॅम्पटन हे नाव घातले. "तिथे पाहण्यासारखं काय आहे, बाबा?" मुलीने विचारले. "एक मैदान आहे," मी म्हणालो.

लेस्टरहून मोटारीने तासाभराची वाट. नॉर्थॅम्पटन हे पिढ्यान् पिढ्या पादत्राणे करणाऱ्यांचे गाव. तेथील फुटबॉल संघाला लोक आजही लाडाने 'मोची' म्हणतात. वाँटेज रोडवरील लाल विटांच्या घरांच्या ओळी ओलांडल्या, की काउंटी ग्राउंड लागते. 1994 पर्यंत याच आवारात फुटबॉलही खेळला जाई. मी गेलो त्या दिवशी काउंटीचा चार दिवसांचा सामना चालू होता. गार वारा होता आणि गुडघ्यांवर लोकरी शाली घेतलेली वृद्ध मंडळी थर्मासमधील चहा पीत, टाळ्या वाजवण्याची घाई न करता खेळ पाहत होती.

मला येथे आणले ते वडिलांच्या कात्रणवहीने. 1959 साली आपल्या बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड भारतीय संघाचे कप्तान म्हणून इंग्लंडला गेले. पाचही कसोट्या आपण हरलो. तरीही त्या दौऱ्याची कात्रणे वडिलांनी निष्ठेने चिकटवून ठेवली होती. त्यांत एक बातमी होती : संडरलंडच्या सामन्यात डरहॅमकडून खेळणाऱ्या एका सतरा वर्षांच्या शाळकरी पोराने भारतीय गोलंदाजीवर 101 धावा काढल्या. वडिलांनी त्या नावाखाली शाईने रेघ मारली होती. ते नाव कॉलिन मिलबर्न.

मिलबर्न डरहॅम परगण्यातील बर्नपफील्ड या कोळसा खाणींच्या मुलखातल्या गावचा. डरहॅमला त्या काळी प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता. तो मिळाला 1992 मध्ये. त्यामुळे पोटासाठी क्रिकेट खेळायचे, तर दक्षिणेस जाणे भाग होते. वॉरविकशरही त्याला घ्यायला उत्सुक होते. नॉर्थॅम्पटनशरने आठवड्याला दहा शिलिंग अधिक देऊ केले आणि 1960 मध्ये तो या पेठेत आला. दहा शिलिंगांत गावाला केवढे ऐश्वर्य लाभले!

कारण हा सलामीचा फलंदाज नव्या चेंडूला भिऊन खेळणारा नव्हता. आखूड चेंडू आला की हुक आणि पुढे पडला की सरळ डोक्यावरून, अशी त्याची साधी नीती होती. देह मात्र अवाढव्य. वजन सुमारे 115 किलो. 1966 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत तो शून्यावर धावबाद झाला आणि दुसऱ्या डावात गिब्जला षटकार मारून 94 वर पोहोचला. शतकही षटकारानेच करावे म्हणून त्याने पुन्हा बॅट फिरवली नि त्रिफळा उडाला. पुढच्याच कसोटीत लॉर्ड्सवर त्याने नाबाद 126 धावा काढून सामना वाचवला. तरीही क्षेत्ररक्षणात जड पडतो म्हणून मालिका संपण्यापूर्वीच त्याला वगळले गेले. त्याचे उत्तर त्याने क्लॅक्टनला एसेक्सविरुद्ध 203 धावांनी दिले. 1968 च्या नोव्हेंबरात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून ब्रिस्बेनला त्याने 243 धावा केल्या. पैकी 181 उपाहार ते चहापान एवढ्या दोन तासांत! मार्च 1969 मध्ये कराचीच्या कसोटीत त्याने 139 धावा काढल्या. आता त्याची जागा पक्की झाली असे सारेच मानू लागले.

ती त्याची अखेरची कसोटी ठरली. 23 मे 1969 च्या रात्री, पाहुण्या वेस्ट इंडीज संघाला नॉर्थॅम्पटनशरने हरवले त्याच दिवशी, गावाजवळच त्याच्या मोटारीला अपघात झाला. डावा डोळा काढावा लागला. उजव्यालाही इजा पोहोचली.

आपल्या पतौडींनीही 1961 मध्ये मोटार अपघातात डोळ्याची दृष्टी गमावली होती. तरी पुढे ते भारताचे कप्तान झाले. मग मिलबर्नला का जमू नये? पतौडींचा गेला तो उजवा डोळा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा व डावा डोळा गोलंदाजाकडे असतो. मिलबर्नचा नेमका तोच गेला. 1973 आणि 1974 मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला, पण पूर्वीची बॅट परतली नाही. नऊ कसोट्यांत 654 धावा, सरासरी 46.71, एवढाच हिशेब मागे राहिला. पुढे तो रेडिओवर समालोचकांच्या जोडीला बसे. हसवणारा, गाणारा, पेल्यात रमणारा गडी म्हणूनच लोक त्याला ओळखत राहिले. 28 फेब्रुवारी 1990 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका मद्यगृहाच्या आवारात तो हृदयविकाराने कोसळला. त्या हसण्यामागे काय होते, हे किती जणांनी विचारले असेल?

हा प्रश्न मनात आला आणि मी अस्वस्थ झालो. तीस वर्षांपूर्वी, नवा शिक्षक असताना, मी शाळेचा संघ निवडत होतो. एक स्थूल मुलगा पुढे आला. "तू धावफलक लिही रे," मी म्हणालो. सारा वर्ग हसला, तोही हसला. पुढे तीन वर्षे त्याने सुरेख अक्षरात धावा लिहिल्या. एकदाही त्याच्या हाती मी बॅट दिली नाही.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मांडीवरच्या वहीत प्रत्येक चेंडू टिपून ठेवत होते. मिलबर्नला पाहिले होते का, असे मी विचारले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पूर्वी फुटबॉल चाले त्या बाजूकडे हात केला आणि चेंडू तेथे कसा जाऊन पडे ते तळहाताने दाखवले. बोलले काहीच नाहीत. पुन्हा पेन्सिल उचलली.

परतताना मोटारीत मुलीने विचारले, "मैदान आवडलं का?" मी "हो" म्हणालो. तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. बडोद्यास परतल्यावर त्याचा पत्ता मी शोधून काढला आहे. पत्र मात्र तीनदा लिहून तीनदा फाडले.