चला, वाशिंदला जेवायला!

मुलांनो, सहल म्हटली की आपण कुठं जातो? किल्ला, देऊळ, समुद्र, नाहीतर मामाचं गाव. पण नुसतं जेवायला म्हणून कुणी प्रवासाला निघतं का? निघतात की! इटलीत शेतकऱ्याच्या घरी मुक्काम ठोकायचा, त्याच्या शेतात पिकलेलं खायचं, सप्टेंबरात द्राक्षांच्या तोडणीला हात लावायचा, अशा सहली असतात. मोठी माणसं तिथली वाइनही चाखतात. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत, त्यानं गाव सोडू नये, म्हणून इटलीनं १९८५ साली या पाहुणचाराचा खास कायदाच केला.

पण इटलीचं तिकीट कोण काढून देणार? आपण आपली कसारा लोकल पकडू. कल्याण मागं पडलं की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली आणि मग वाशिंद. उतरा! या स्टेशनला साधंसुधं समजू नका हं. आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली १८५३ मध्ये आणि १८५५ मध्ये रूळ वाशिंदला पोचलेसुद्धा. पुढं आसनगावला जायला मात्र १८६० उजाडलं. तोवर या बाजूचं शेवटचं स्टेशन वाशिंदच!

इथून पुढं शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातशेती, जंगल आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी लोकांचे पाडे. इथं खायचं काय, ते महिन्यावर ठरतं.

नेमके तुमच्या परीक्षेच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, मोह फुलतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. फिकट पिवळी, मांसल, रसानं भरलेली फुलं. वास असा गोड की लांबूनच कळतं. उन्हं चढण्याआधी बायका-मुलं टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. भाजून खा, उकडून खा, नाहीतर पिठात घालून भाकरी थापा. पुढं फळं धरली की बियांचं तेल निघतं. घरातलं धान्य संपत आलेलं असताना कितीतरी घरांना या फुलांनी तारलं आहे.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, "पण मोहाची तर दारू करतात!" करतात ना. द्राक्षांचीही करतात. म्हणून कुणी द्राक्षं खायची सोडतं का? पण इंग्रज सरकारला मोहात फक्त दारू दिसली आणि तिच्यावरचा बुडणारा कर दिसला. त्यांनी १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा केला. फुलं बाळगायची, विकायची, तर सरकारी बंधनं पाळा! झाड दारातलं, फूल आपणहून खाली पडलेलं, आणि ते घरात ठेवायला सरकारची परवानगी! मला तरी हे भलतंच वाटतं. पुढंही बराच काळ आपल्याकडं या फुलांवर बंधनं राहिली. महाराष्ट्र सरकारनं ती उठवली २०२१ साली.

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, त्याच १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पुरं झालं आणि इथलं पाणी मुंबईला जाऊ लागलं. नंतर भातसा धरणाचंही गेलं. तुम्ही मुंबईत राहत असाल, तर सकाळी नळाखाली दात घासताना तुम्ही शहापूरचेच पाहुणे असता! इथल्या कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये जाणार असाल, तर पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या. पाड्यावरच्या मावशी तुम्हाला तांब्याभर पाणी देतीलच, पण ते त्यांनी डोक्यावरून आणलेलं असतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पुन्हा या. जमिनीतून शेवळं वर येतात. पान नाही, फांदी नाही, नुसता जांभळट-तपकिरी कोंब! पण सांभाळा. नीट शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. यावर उपाय जंगलातच आहे. काकड नावाच्या झाडाची आवळ्यासारखी आंबट फळं याच दिवसांत मिळतात. ती भाजीत घातली की खाज कमी होते. हे कुणी प्रथम शोधलं असेल? किती घसे खाजले असतील तोवर!

मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, एकामागून एक रांगच लागते. तांदळाच्या भाकरीबरोबर हाणा! मात्र स्वतःच रानात शिरून दिसेल तो पाला तोडायचा नाही बरं का. कोणता कोवळा, कोणता विषारी, हे मावशींना ठाऊक असतं. आईबाबांनो, मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. एकेका भाजीचं नाव, ती कुठं उगवते, कशी साफ करायची, सगळं विचारू द्या. हे बहुतेक त्यांच्या डोक्यातच आहे आणि पाड्यावरच्या शाळकरी मुलांनाही आता त्यातल्या सगळ्या भाज्या ओळखता येत नाहीत.

जाणं जमलं नाही, तर पावसाळ्यात कल्याण, ठाणे किंवा दादरच्या बाजारात बघा. याच बायका लोकलनं टोपल्या घेऊन आलेल्या असतात. घासाघीस करू नका. आणि शेवळांची जुडी घेताना काकडं मागायला विसरू नका. ती संपली असतील, तर आईला भाजीत चिंच घालायला सांगा.