टेन पॉइंट झीरो

गेल्या शनिवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो. मावसबहीण बारावीला, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि सगळ्यांचे आवाज खाली. जेवण झाल्यावर मावशीने फर्मान काढलं, "अरे, तिला जरा केमिस्ट्रीचं बघ. इंजिनियर आहेस ना तू!" आता मी इंजिनियर आहे तो कॉम्प्युटरचा. बेंझिन रिंगशी शेवटचा संबंध आला त्याला दहा वर्षं होऊन गेली. पण मावशीच्या हातचं भरलं वांगं चापून झाल्यावर 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणणार?

बाईसाहेब जर्नल घेऊन बसल्या होत्या. उजव्या पानावर पेनने प्रोसिजर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तक्ता. प्रयोग: ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. तक्त्यात तीन रीडिंग्ज. १०.०, १०.०, १०.०.

"तिन्ही वेळा बरोब्बर दहा?"

"सगळ्यांचं दहाच आहे दादा. क्लासच्या नोट्समध्ये पण दहाच आहे."

"आणि तुझं खरं किती आलं होतं?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. "आम्ही अजून लॅबमध्ये गेलोच नाहीये."

मी हसलो. पण घरी येताना बाईकवर ते दहा काही डोक्यातून जाईना. कारण आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी बारावी सायन्स केलंय त्यांना आठवत असेल. थिअरी ७०, प्रॅक्टिकल ३०. ७० मार्कांसाठी वर्षभर घोकंपट्टी, आणि ३० मार्क 'मिळतातच' म्हणून लॅबकडे दुर्लक्ष. पण खरं सांगू? मला टायट्रेशन आवडायचं. बारावीच्या अख्ख्या केमिस्ट्रीत डोळ्यांना काही दिसायचं ते तिथेच. कॉनिकल फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात डायल्युट सल्फ्युरिक, मग बर्नरवर साधारण ६०-७० डिग्रीपर्यंत गरम करायचं. ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. पहिले थेंब हट्टी असतात, रंग जायला वेळ लावतात. मग रिॲक्शनमध्ये मँगनीजचे आयन तयार होतात आणि तेच पुढच्या रिॲक्शनला ढकलतात, की थेंब पडला रे पडला की रंग गायब! आणि शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग येतो आणि जातच नाही. तिथे थांबायचं. वेगळा इंडिकेटर लागत नाही. परमँगनेट इतकं गडद, की ब्युरेटमध्ये मेनिस्कसची खालची कड दिसत नाही, वरची वाचावी लागते.

आमच्या कॉलेजात त्या दिवशी माझं रीडिंग आलं ११.३. परत केलं, ११.४. परत, ११.४. शेजारच्या टेबलवरची मुलगी वर्गातली सगळ्यात व्यवस्थित. जर्नलला कव्हर, पेन्सिलला टोक. ती सरांना दाखवायला गेली. तिचंही ११.४ होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दहा यायला पाहिजे. एंड पॉइंट ओलांडून पुढे गेलीस. परत कर." तिने परत केलं. परत तेच. लॅबची वेळ संपत आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "तुझं किती आलंय रे?"

मी म्हणालो, "दहा."

जर्नलमध्ये मी १०.० लिहून मोकळा झालो होतो. सही मिळाली होती. ती मात्र पाचव्यांदा पिपेट भरत होती, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसत होते.

आता यातली गंमत बघा. (गंमत कसली!) हे टायट्रेशन मुळात करायचं कशासाठी? ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे शुद्ध मिळतात, वजन करून पाण्यात टाकले की द्रावण किती तीव्र ते पक्कं सांगता येतं. परमँगनेटचं तसं नाही. ते उजेडाने, पाण्यातल्या कचऱ्याने हळूहळू खराब होतं. म्हणून ते गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात, आणि म्हणूनच वापरण्याआधी ऑक्झॅलिकशी ताडून बघतात. म्हणजे लेबलवर ०.०२ मोलर लिहिलंय ते खरं का, हाच तर प्रश्न! आमची बाटली साध्या काचेची, खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तळाशी तपकिरी गाळ. ११.४ मिलीचा हिशोब केला तर उत्तर येतं ०.०१७५. द्रावण कमजोर झालं होतं. तिचं रीडिंग बरोबर होतं. माझंही. दोन टेबलांवर दोघांना तेच आलं, एवढं जरी सरांना कळलं असतं तरी पुरे होतं. ते सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो सही घेऊन बसला होता.

त्यानंतर मी हुशार झालो. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये मामांच्या चेहऱ्यावरून सॉल्ट ओळखायचं आणि मग टेस्ट उलट्या क्रमाने लिहायच्या. नोकरीतही हे कसब कामाला आलं. टेस्ट फेल झाली की कोड बघण्याआधी अपेक्षित उत्तरच बदलायचं, बोर्ड हिरवागार. एकदा अशीच बदललेली टेस्ट प्रॉडक्शनला गेली आणि रात्री दोन वाजता फोन आला, तेव्हा शेजारी बसून निस्तरणाऱ्या ज्युनियरने विचारलं, "ही टेस्ट पास कशी झाली?" मला तोच गुलाबी रंग आठवला. त्याला मात्र मी खरं सांगितलं. उशिरा का होईना.

रविवारी सकाळी मी त्या मुलीला फोन केला. आमच्या बॅचचा ग्रुप आहे, नंबर होताच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं. ब्युरेट काचेची असते रे. तुझी पातळी दिसत होती मला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं होतं."

असो. संध्याकाळी परत मावशीकडे गेलो आणि बहिणीला म्हटलं, ते दहा खोड. लॅबमध्ये जाशील तेव्हा जे येईल ते लिही, आणि शेजारच्याला किती आलं ते विचार. तिने खोडरबर घेतलं खरं, पण विचारलं, "आणि मार्क कापले तर?"

कापतील कदाचित. मी तिला तेच सांगितलं.