ज्वारीवर ज्वारी

“ग्लूटेन-फ्री? हां जी, है ना,” असं म्हणत लालाजींनी वरच्या फळीवरून बिनसाखरेच्या बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो उलटा करून वाचला. पहिलाच घटक मैदा. लेकीला सीलिअ‍ॅक असल्याचं कळून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. सात वर्षांची पोर दोन वर्षं वाढतच नव्हती. आधी रक्ताची तपासणी झाली, मग आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टरीणबाईंनी एकच औषध सांगितलं: गहू आणि जव बंद. थोडे दिवस नाही, जन्मभर.

आम्ही राहतो दिल्लीत, मयूर विहारला. इथे जेवण म्हणजे गहूच. सोलापूरहून आईचा फोन आला. “पोळी बंद ना? मग भाकरी आहेच की! एवढं काय रडतेस?” तिच्या लेखी प्रश्न मिटला होता. मी ज्वारी शोधायला निघाले. “ज्वार? वो तो चारा है जी,” एक दुकानदार हसून म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं. या बाजूला ज्वारी पेरतात ती मुख्यतः जनावरांसाठी. बाजरी आणि मका थंडीत मिळायचे, होळी झाली की गायब.

मोठ्या, काचेच्या दुकानांत वेगळीच तऱ्हा. तिथे एका कोपऱ्यात ग्लूटेन-फ्रीची अख्खी मांडणी होती. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच पुड्यावर तसं छापता येतं. विश्वास ठेवण्यासारखा पुडा, पण किंमत अशी की रोजच्या डब्याला परवडू नये. मग मेट्रोने आयएनए मार्केट गाठलं. तिथल्या केरळी दुकानात पुट्टूचं पीठ, नाचणी, तांदळाच्या शेवया असं बरंच काही मिळालं. त्या दिवशी पिशवी भरली आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

तरी लेकीचं पोट अधूनमधून दुखतच होतं. एका रात्री मी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढून वाचत बसले. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत होतं: गव्हाचं पीठ. खडा हिंग फार उग्र, म्हणून त्यात पीठ मिसळतात, हे मला माहीत नव्हतं. रोजच्या फोडणीत मीच चिमूटभर गहू टाकत होते. दुखणं त्यामुळेच होतं का, ते डॉक्टरीणबाईंनाही छातीठोक सांगता येईना. मी डबी मात्र त्याच रात्री बाहेर काढली.

मग आली नवरात्र, आणि आमची गल्ली एकाएकी आमच्या बाजूची झाली. प्रत्येक दुकानात कुट्टू, शिंगाडा, राजगिरा, आणि आपली भगर ‘समक’ या नावाने. जे ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून कुणाला उमगत नव्हतं, ते ‘व्रतवाला’ म्हटल्यावर पोरासोरांनाही कळत होतं. मला वाटलं, सापडली किल्ली. लालाजींच्या दुकानात गोणीतलं कुट्टूचं पीठ दोन किलो मागितलं. त्यांनी तराजूकडे नेलेला हात मागे घेतला.

“बिटिया के लिए है? तो ये मत लो.”

मग त्यांनी बोटाने दाखवलं. गव्हाच्या पिठाचं आणि कुट्टूचं माप एकच होतं. चक्कीही एकच. उपास करणाऱ्याचं तेवढ्याने काही बिघडत नाही, माझ्या लेकीचं बिघडतं. सणाच्या गर्दीत, हातचं गिऱ्हाईक सोडून, ते मला हे सांगत होते. बिस्किटांच्या त्या पुड्यानंतर त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं असावं.

घरी येताना आई आठवली. गिरणीत डबा ठेवताना ती दर वेळी बजावायची, “ज्वारीवर ज्वारीच टाका हो, गव्हावर नको.” लहानपणी मला ती नुसती किरकिर वाटायची. खरं तर विचारायचा प्रश्न तोच होता: याच्याआधी इथे काय दळलं? पुड्यावरची अक्षरं त्याचं उत्तर देतात, पण ते उत्तर महाग पडतं. ओळखीचा माणूस खरं बोलला, तर तेच फुकट मिळतं.

पुढे २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं आणि ज्वारी ‘श्रीअन्न’ होऊन दिल्लीतही मानाने मिरवू लागली. आम्ही तोवर घरघंटी घेतली होती. लालाजी आमच्यासाठी अख्खी ज्वारी मागवतात, गोणीचं तोंड न उसवता. मी ती निवडते, धुऊन वाळवते, दळते. आमच्या घरघंटीत गहू कधीच पडत नाही.

परवा लेक एकटीच दुकानात गेली. मी वरून, बाल्कनीतून पाहत होते. तिने चिक्कीचा पुडा उचलला आणि लालाजींसमोर धरला. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते ठाऊक होतं. रांगेत चार माणसं खोळंबली होती. लालाजींनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि पुडा उजेडाकडे धरून सावकाश वाचायला लागले.