केसरबाईंची मर्जी

केसरबाई केरकरांनी मागे इतकं थोडं का ठेवलं, हा वाद डिचोलीत एकदा निघाला की लवकर मिटत नाही. नव्या सोमवारच्या उत्सवाच्या रात्री तर तो हमखास निघतो. शांतादुर्गेची पालखी बाहेर पडलेली, मैफलीला अजून अवकाश, खाज्यांच्या दुकानांपुढे गर्दी आणि कोपऱ्यावर चहाचे कप घेऊन आमची मंडळी. आत तानपुरे जुळेपर्यंत कुणीतरी काडी टाकतोच. एवढी थोर गायिका, आणि हाती काय, तर तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या! एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचं म्हणणं ठरलेलं : कला देवाची देणगी, ती कुलपात ठेवायचा हक्क कुणालाच नाही. त्यांना उत्तरही ठरलेलंच मिळतं : “बाईंची मर्जी. तुमचं काय देणं लागत होत्या?”

बाहेरचा पाहुणा असला तर आधी केरी कुठली ते सांगावं लागतं. एक पेडण्याची, समुद्राकाठची; दुसरी सत्तरीची, चोर्ला घाटाच्या पायथ्याची; आणि तिसरी फोंड्याची. केसरबाई १८९२ साली जन्मल्या त्या फोंड्याच्या केरीत. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, मग गोव्यात परतून रामकृष्णबुवा वझ्यांकडे. वझेबुवा लामगावला येत, तेव्हा ही शिकवणी चाले. लामगाव आमच्या डिचोलीला लागूनच. त्यामुळे बाईंवर आपलाही थोडा हक्क आहे असं इथल्या प्रत्येकाला वाटतं, आणि वादाला जोर चढतो तो तिथूनच.

या हक्काबद्दलच मला बोलायचं आहे. केसरबाई जन्मल्या कलावंतांच्या घरात. देवळाच्या चौकात, पालखीपुढे, यजमानाच्या ओसरीवर या घरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या गायल्या. बोलावणं आलं की उठायचं. काय गायचं, किती वेळ, कुणापुढे, हे ठरवणारा दुसराच. ऐकणाऱ्यांनी टाळ्या दिल्या, बिदागी दिली, पण ‘आज नाही गाणार’ एवढं म्हणायची मुभा फार थोड्या जणींना होती. केसरबाईंनी ती मिळवली. १९२१ साली त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, ती अवघड जयपूर गायकी घोटली. १९४८ साली कलकत्त्याने ‘सूरश्री’ म्हटलं, १९६९ मध्ये पद्मभूषण आलं. त्याच्या आधीच, साठीच्या दशकाच्या मध्याला, त्यांनी मैफली थांबवल्या होत्या. आवाज पूर्वीसारखा चालेना, तर गाणं बंद. ओढूनताणून गायच्या नाहीत. रसिक हळहळले. पण कधी थांबायचं हे रसिकांनी नाही, बाईंनी ठरवलं, आणि त्यांच्या पणजीला हे कुणी ठरवू दिलं असतं का, हा प्रश्न आमच्या चहाच्या घोळक्यात कुणी विचारत नाही.

गायिका किशोरीताई आमोणकरांचा विषय निघाला की आवाज आणखी चढतात. उशिरा आल्या, श्रोत्यांना झापलं, मध्येच थांबल्या. प्रत्येकाकडे एकेक किस्सा, आणि सांगताना रागापेक्षा अभिमानच जास्त. त्यांची आई मोगूबाई कुर्डीची, म्हणजे साळावलीच्या धरणात बुडालेल्या आणि दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येणाऱ्या कुर्डीची. आईला दौऱ्यांवर कसं वागवलं जाई, ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं, असं किशोरीताई मुलाखतींत सांगत. ते ऐकल्यावर त्यांच्या तऱ्हेवाईकपणाचे किस्से मला तितकेसे मजेदार वाटत नाहीत.

मास्तरांच्या बाजूचं खरं बलस्थान फोनमध्ये आहे. जुन्या खासगी बैठकींत कुणीतरी टेप चालू ठेवलेला, ते ध्वनिमुद्रण आता या फोनवरून त्या फोनवर फिरतं. गाणाऱ्याला विचारलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही. मी ऐकतो. मागे कुणी खोकतं, एखादी ‘क्या बात है’ सुरावर आदळते, आणि त्यातून तो उघडा, भरघोस आकार सरळ वर चढतो, तेव्हा परवानगीची आठवण कुणाला राहणार? ‘जात कहाँ हो’ ही केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर बसून आकाशात गेली आणि त्याच सप्टेंबरात बाई वारल्या, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक सूत्रसंचालक सांगतो. इतकी, की ऐकवत नाही. मला त्यातलं आवडतं ते एवढंच की तिथेही साडेतीन मिनिटंच गेली. जेवढी बाईंनी तबकडीला दिली तेवढीच.

गेल्या खेपेला मी हे सगळं जरा जोरातच मांडलं. मास्तर गप्प झाले. तेवढ्यात त्यांची पुतणी, जी गाणं शिकते आणि रोज पहाटे उठून खर्ज लावते, ती मला म्हणाली, “काका, तुम्ही ऐकणारे आहात, तुम्हाला साडेतीन मिनिटं चालतात. बाईंनी मन लावून शिकवलं ते धोंडूताई कुलकर्णींना, त्याही २०१४ मध्ये गेल्या. तबकडीतला राग बाई पुढे कसा उलगडत, ते आता मी कुणाला विचारू?”

कुणी काही बोलायच्या आत आतून तबल्यावर हातोडीची ठकठक ऐकू आली. ती चप्पल काढून पुढे जागा धरायला पळाली, आणि मास्तर विजयी मुद्रेने चहाचे पैसे द्यायला निघाले.