नाक खाली घातलेला ट्रक

डेन्व्हरला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी 2019 चा जुना टोयोटा टकोमा घेतला. आईला फोनवर म्हटलं, "ट्रक घेतला." पलीकडे शांतता. मग, "ड्रायव्हर ठेवणारेस का?" तिच्या डोळ्यासमोर अर्थातच 'हॉर्न ओके प्लीज' होतं. इकडे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणतात हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली.

तर हा ट्रक नेहमी नाक खाली घालून उभा असतो. जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत टेप लावून मोजलं, तर पुढच्यापेक्षा मागची बाजू पावणेदोन इंच उंच. हापिसातल्या एका ट्रकवाल्याने पार्किंगमध्ये बघताक्षणी निदान केलं, "लेव्हलिंग किट टाक. दोन इंच. पोरगी बघायला आल्यासारखा उभाय बिचारा." (शेवटचं वाक्य माझं भाषांतर. मूळ छापण्यासारखं नाही.)

पर्याय ढोबळमानाने दोन. लेव्हलिंग किट फक्त पुढचा भाग उचलतं. लिफ्ट किट पुढचं-मागचं दोन्ही उचलतं, मागे पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा टाकून किंवा पाटेच बदलून. पहिलं शंभर-दोनशे डॉलर्सचं काम, दुसरं नीट करायचं तर दोन-तीन हजारांच्या पुढे. आता इंजिनिअर माणसाला दोन पर्याय दिले की तो एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली.

आणि मजा यायला लागली राव. लेव्हलिंग किट म्हणजे बऱ्याचदा स्ट्रटच्या डोक्यावर बसवायची एक जाड चकती. पण अर्ध्या इंचाच्या चकतीने ट्रक जवळपास एक इंच वर जातो! कारण स्ट्रट खालच्या कंट्रोल आर्मच्या टोकाला नसतो, साधारण मध्यावर असतो. शाळेतली तरफ. पण ही तरफ फुकट काम करत नाही. चाक आता मूळ रचनेपेक्षा जास्त खाली लोंबकळू शकतं, म्हणजे पुढचा सीव्ही ॲक्सल जास्त वाकतो आणि वरचा बॉल जॉइंट मर्यादेपाशी जातो. कॅस्टर कमी होतो, मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला आळस करतं. अलाइनमेंट तर करावीच लागते, आणि दोन इंचांच्या पुढे गेलात तर वरचे आर्मही बदलावे लागतात बहुतेक.

हेडलाइटचंही गणित केलं. माझ्या ट्रकचा व्हीलबेस 127 इंच. पुढून दोन इंच उचललं की सगळा ट्रक 0.9 अंशांनी मागे कलतो. ऐकायला काहीच नाही, पण 25 फुटांवरच्या भिंतीवर उजेड पावणेपाच इंच वर चढतो. समोरच्याच्या थेट डोळ्यात! दिवे स्क्रूने खाली करता येतात हो, पण 2018 पासून टकोमाला काचेमागे कॅमेरा आणि जाळीमागे रडारही आहे. तेही सोबत आकाशाकडे बघायला लागतात, त्यांचं काय?

सगळ्यात मोठा भ्रमनिरास मात्र लिफ्ट किटने केला. मला वाटायचं, ट्रक तीन इंच उचलला की दगडांपासून तीन इंच सुटका. पण मागच्या ॲक्सलच्या मध्ये जो डिफरन्शियलचा गोळा असतो ना, तो चाकांबरोबरच राहतो. स्प्रिंगच्या वरचं सगळं उचललं तरी तो जागचा हलत नाही. तो वर न्यायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच फायदा.

हे सगळं एवढ्या बारकाईने का, तर जुलैमध्ये आई-बाबा येतायत. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढली, आणि कोलोरॅडोत 12,800 फुटांवर 'इंजिनिअर पास' नावाची खिंड आहे हे कळल्यापासून त्यांना तिथेच जायचंय. जुन्या खाणींचा कच्चा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा ठिकाणी आडव्या उतारावर ट्रकचा गुरुत्वमध्य तीन इंच वर नेऊन त्यात आई-बाबांना बसवायचं, हा विचार रात्री अकरा वाजता अजिबात बरा वाटत नाही. शिवाय आईच्या गुडघ्यांना आत्ताचीच उंची जास्त आहे.

बाबांना व्हिडिओवर ट्रक दाखवला. मी कॅस्टर-बिस्टर सुरू करणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मागे ओझं किती असतं?"

"आत्ता? काहीच नाही."

"मग रिकाम्या गाडीची उंची काय बघतोस? भर आणि मग मोज."

शनिवारी दुकानातून वाळूच्या 8 पिशव्या आणल्या. 60 पौंडांची एक, म्हणजे एकूण दोनशे किलोच्या वर. हौद्यात रचल्या आणि टेप लावली. मागची बाजू दीड इंच बसली! उरला फरक पाव इंच. म्हणजे जे मला पोक वाटत होतं, ती कंपनीने ओझ्यासाठी ठेवलेली जागा होती. पुढून दोन इंच उचलून तंबू, पाणी आणि सामान भरलं असतं, तर ट्रकने नाक वर करून चांदण्या मोजल्या असत्या. नॉर्थ कॅरोलिनात तर हौसेने नाक वर, बूड खाली करणाऱ्यांविरुद्ध 2021 मध्ये कायदाच आला: पुढची बाजू मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच नको.

मग ठरलं. टायर 265/70 च्या जागी 265/75, रिम तीच 16 इंची. व्यास साधारण एक इंचाने वाढतो, गोळा अर्धा इंच वर. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 62 च्या आसपास असेल, तेवढं लक्षात ठेवायचं. पुढचे शॉक जुनेच झालेत, तिथे बिल्स्टाइन 5100. त्यांच्यावर रिंग बसवायला खाचा असतात. रिंग सगळ्यात खालच्या खाचेत, म्हणजे उंची जशीच्या तशी. उरलेल्या पैशांतून आईसाठी एक मजबूत पायरी.

हापिसातला ट्रकवाला निराश आहे. बायको खूश आहे, कारण एक्सेल शीट बंद झाली. बाबांनी मागच्या पाट्यांचे फोटो मागवले होते, ते काल पाठवले. उत्तर आलंय: "यू बोल्ट परत आवळून घे. मी आल्यावर बघतोच."