दगडाचे नाव

वऱ्हाडात दगड म्हटला की तो काळाच. अकोल्यातील आमच्या घराचा पाया काळ्या पाषाणाचा आणि शेतातली काळी माती म्हणजे त्याच पाषाणाची युगानुयुगांची झीज. 'बेसॉल्ट' हा शब्द मला शाळेतच मिळाला होता. पण दगडातील एखाद्या कणालाही स्वतंत्र नाव असते आणि त्या नावामागे एखादे अध्यासन उभे असते, हे पुढे अमरावतीत शिकताना कळले.

ते नाव मॅस्केलिनाइट. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली अमेरिकी व भारतीय संशोधकांनी तेथील बेसॉल्टमध्ये हे द्रव्य दाखवून दिले. आघाताचा प्रचंड दाब बसला की फेल्स्पारच्या स्फटिकाची आतली रचना मोडते आणि त्याची काच होते. बाहेरचा आकार मात्र तसाच राहतो. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. एका कणाने लोणारची साक्ष दिली.

हे नाव आले ऑक्सफर्डहून. तेथे १८१३ साली खनिजशास्त्राचे प्रपाठकपद विल्यम बकलंड यांच्याकडे आले. त्यांचा ओढा मात्र भूस्तर आणि जीवाश्म यांकडे. पुढे नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांनी ते काम हाती घेतले. १८५६ ते १८९५ अशी एकोणचाळीस वर्षे ते प्राध्यापक होते. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे एक उल्का पडली. तिच्यातील काचेसारखे द्रव्य ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ चेर्माक यांनी १८७२ साली वेगळे ओळखले आणि त्याला मॅस्केलिन यांचे नाव दिले. बिहारच्या दगडाला इंग्लंडमधील प्राध्यापकाचे नाव मिळाले, आणि शंभर वर्षांनी तेच नाव वऱ्हाडच्या दगडालाही लागले.

याचा मला विषाद वाटत नाही. प्रश्न मात्र पडतो. लोणारच्या तळ्यातून क्षार काढणाऱ्या माणसांनीही त्यांचे प्रकार पारखले होते. डल्ला, पापडी, भुस्की ही त्यांनी दिलेली नावे. ती नजर काही कमी चिकित्सक नव्हती. तिला अध्यासन नव्हते, एवढेच. अध्यासन म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. एकाने पाहिलेले दुसऱ्याने तपासावे आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचवावे, अशी ती अखंड सोय असते. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. म्हणजे लोणारचा निवाडा झाला तेव्हा हे विद्यापीठही नव्हते.

दिवसाचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या आपणासारख्या विद्यार्थ्यांना हे सांगण्याचे कारण आहे. आपल्या गावात आजही मातीला, दगडाला, पाण्याला कितीतरी नेमके शब्द आहेत. ते जाणणारी माणसे वयोवृद्ध होत आहेत. आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. ते शब्द अर्थासह टिपून ठेवायला प्राध्यापकपदाची वाट पाहण्याचे कारण नाही.