ओसरीवरची ज्यूरी

ज्यूरी म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें नानावटी खटला उभा राहतो. १९५९ सालीं मुंबईच्या सेशन्स कोर्टांत नऊ ज्यूररांपैकीं आठांनीं त्या नौदल अधिकाऱ्यास निर्दोष ठरविलें. न्यायाधीशांस तें न पटून प्रकरण हायकोर्टाकडे गेलें. १९६० मध्यें जन्मठेप झाली व १९६१ मध्यें सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडणाऱ्या पतीविषयींच्या सहानुभूतीनें पुराव्यावर मात केली, असें पुष्कळांचें मत पडलें. पुढें १९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरीस स्थानच उरलें नाहीं.

कायद्यांतून ती गेली खरी. पण घराघरांतून ती अद्याप बसते. मी स्वतः तशा एका ज्यूरींत बसलों आहें.

मुळशी तालुक्यांतील चांदे येथें माझ्या मावशीचें घर होतें. आज हिंजवडीच्या उंच इमारती जवळ आल्या आहेत. तेव्हां दारापुढें भातखाचरें होतीं. १९७९ च्या मे महिन्यांत सारे आप्त तेथें जमले असतां मावशीच्या अकरा वर्षांच्या नातीनें आपल्या आईस सांगितलें, कीं धाकटे आजोबा अंगचटीस येतात. हे मावशीचे दीर, गांवांत सच्छील म्हणून नांवाजलेले. रात्रीं ओसरीवर आम्ही पांच पुरुष बसलों. मीं नुकतीच वकिलीची सनद घेतली होती, म्हणून त्या बैठकींत मलाही जागा मिळाली.

मुलीस कोणीं कांहीं विचारलें नाहीं. बोलणें झालें तें निराळेंच: घरावरील कर्ज कोणीं फेडलें, मुंजी कोणीं लावल्या, धाकटीचें लग्न आतां कसें जमेल. एकजण म्हणाले, "पोर आहे, भास झाला असेल." माझें मत विचारलें तेव्हां मीं म्हटलें, "पुरावा काय?" वाक्य कायद्याचें होतें आणि त्या रात्रीं मोठें सोयीचें होतें. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्याचें मीं ऐकलें होतें.

निकाल एकमतानें लागला. त्या गृहस्थांस कोणी कांहीं बोललें नाहीं; मुलीचें आजोळीं येणें मात्र बंद झालें.

घरांत खोटा आरोप कधीं होतच नाहीं, असें मी म्हणत नाहीं. पण खरें-खोटें ठरविण्यास आधीं ऐकावें लागतें. २०१२ च्या पोक्सो कायद्यानें तें ऐकण्याची रीत घालून दिली: प्रश्न न्यायाधीशांमार्फत, मूल आरोपीच्या दृष्टीआड, जवळ विश्वासाचें माणूस, नांव गुप्त. नात्यांतील माणसाचा अपराध तेथें अधिक गंभीर गणला जातो, आणि ठाऊक असून पोलिसांस न कळविणें हाही गुन्हाच. आमची बैठक आज बसती, तर आम्हां पांचांवरच खटला होऊं शकता. अर्थात् कळवावयाचें कोणीं, हा प्रश्न आजही ओसरीवरच अडतो. कर्ज फेडणारा हात व आरोपाचा हात बहुधा एकच असतो.

गेल्या वर्षीं एका लग्नांत ती भेटली. केस पिकले आहेत. पंगतींत वाढतां वाढतां तिनें विचारलें, "मामा, तुम्ही तेव्हां वकील झालां होतां ना?"

मीं हो म्हटलें. तिनें माझ्या पानावर जिलबी वाढली आणि ती पुढच्या पानाकडे गेली.